नुसते ‘सर्जन’ लिहू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात नुकत्याच आलेल्या एका बातमीत ‘हृदयरोगतज्ज्ञांनी सहा तास बायपास शस्त्रक्रिया करून रुग्णाचे प्राण वाचवले’ असे वाक्य होते. त्याच पानावर खाली, अपघाताच्या बातमीत, जखमीच्या मांडीचे मोडलेले हाड, फुटलेली प्लीहा (पानथरी) आणि डोक्यातला रक्तस्राव या तिन्हींवर ‘सर्जननी’ उपचार केल्याचे म्हटले होते. पहिल्या बातमीत माणूसच चुकला आहे आणि दुसरीत तिघांचा मिळून एक झाला आहे. मी एकतीस वर्षे शस्त्रक्रियागृहात परिचारिका होते. त्यातली बहुतेक वर्षे सर्जनच्या समोर, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, हातात अवजारे देत उभी राहण्यात गेली. त्यामुळे ही चूक माझ्या डोळ्यांना जरा जास्तच खुपते, हे मान्य करून हे पत्र लिहीत आहे.

आधी बायपासची गोष्ट. हृदयरोगतज्ज्ञ म्हणजे कार्डिऑलॉजिस्ट. तो रुग्ण तपासतो, औषधे देतो, आणि मनगटातून किंवा जांघेतून तार घालून अँजिओग्राफी व अँजिओप्लास्टी करतो. हे काम कॅथलॅबमध्ये होते आणि त्यात छाती उघडत नाहीत. छातीचे मधले हाड करवतीने उभे कापून, बहुतेक वेळा हृदय थांबवून आणि रक्ताभिसरण यंत्रावर घेऊन जो बायपास करतो, तो कार्डिअॅक सर्जन. त्याचे शिक्षण वेगळे, दिवस वेगळा आणि चुकण्याची किंमतही वेगळी. अशा जोड्या आणखी आहेत आणि त्यांत वाचक नेहमी फसतो. मेंदूच्या आजारावर औषध देणारा न्यूरॉलॉजिस्ट, तर कवटी उघडणारा न्यूरोसर्जन. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर नेफ्रॉलॉजिस्टकडे जायचे आणि मूतखडा किंवा प्रोस्टेट असेल तर युरॉलॉजिस्टकडे. पोटाच्या विकारांचा गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट दुर्बीण घालून आतून पाहतो, अल्सरमधले रक्त थांबवतो, पण पोट उघडायची वेळ आली की सर्जनला हाक मारतो. आमच्याकडचे एक वयस्कर वॉर्डबॉय नातेवाइकांना ‘हे गोळीचे डॉक्टर आणि हे सुरीचे डॉक्टर’ असे सांगत. व्याख्या म्हणून ती ढोबळ आहे, पण आपल्या बातमीपेक्षा अचूक.

‘शल्य’ या शब्दाचा मूळ अर्थ शरीरात रुतून बसलेला काटा किंवा बाणाचे टोक असा आहे. मनात शल्य राहिले असे आपण म्हणतो ते याच शब्दावरून. रुतलेले बाहेर काढणारा तो शल्यविशारद, म्हणजेच सर्जन. सुश्रुतसंहितेत 101 यंत्रे आणि 20 शस्त्रे सांगितली आहेत, म्हणजे कोणत्या कामाला कोणते अवजार हा विचार फार जुना आहे. मात्र काम करणारा माणूसही अवयवागणिक वेगळा असावा, ही बरीच अलीकडची गोष्ट. युरोपात कित्येक शतके न्हावी आणि सर्जन एकाच पंगतीत बसत. लंडनमध्ये 1540 साली त्यांची एकत्र संघटना झाली आणि 1745 साली सर्जन तिच्यातून बाहेर पडले. ब्रिटनमध्ये आजही सर्जनला ‘डॉक्टर’ न म्हणता ‘मिस्टर’ म्हणतात, तो त्या काळाचा अवशेष. एके काळी तो उणेपणा होता आणि आता तो मान समजला जातो.

भूल नव्हती तोवर सर्जनचा मुख्य गुण म्हणजे वेग. रुग्णाला चार जणांनी दाबून धरायचे आणि पाय कापून मोकळे व्हायचे, अशा घाईत बारकाव्याला जागा कुठून असणार? 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली, आणि 1867 मध्ये लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जखमेतला संसर्ग रोखण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर सर्जनला प्रथमच वेळ मिळाला आणि आत शिरायचे धैर्य आले. पोट उघडता येऊ लागले, मग कवटी, मग छाती. 6 मे 1953 रोजी गिबनने हृदय-फुफ्फुस यंत्राच्या आधाराने माणसाच्या हृदयाच्या आत यशस्वी दुरुस्ती केली. पुढच्याच वर्षी मरेने जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण केले आणि 1967 च्या डिसेंबरात केपटाउनला बर्नार्डने हृदय बदलले. एकेक दार उघडत गेले तसे त्या दारातून आत जाणारे लोकही वेगळे होत गेले, कारण सगळ्या घराची वाट एकाच माणसाला पाठ असणे अशक्य झाले.

आता माझ्या जागेवरून सांगते. आम्हा स्क्रब सिस्टरांना टेबलाजवळच्या ट्रॉलीकडे नजर टाकली की आज कोण येणार हे कळते. यादी वाचायची गरज पडत नाही. ट्रॉलीवर हातोडा, छिन्नी, करवत, ड्रिल आणि आकारवार लावलेल्या प्लेटा व स्क्रू असतील तर ते अस्थिशल्यविशारद, म्हणजे ऑर्थोपेडिक सर्जन. पाहणाऱ्याला हे सुतारकाम वाटते आणि काही ऑर्थोपेडिक सर्जन स्वतःही थट्टेने तसेच म्हणतात. पण खुब्याचा कृत्रिम सांधा बसवताना सिमेंट कालवले, की सगळ्या खोलीत एकदम शांतता पसरते. ते सिमेंट काही मिनिटांत दगडासारखे घट्ट होते; तेवढ्या अवधीत सांधा योग्य कोनात बसला नाही तर सगळे फोडून पुन्हा करावे लागते. कुणीतरी घड्याळाकडे पाहून मिनिटे मोजत असतो, सर्जनचे दोन्ही हात सांध्यावर दाबलेले असतात आणि कपाळावरचा घाम दुसऱ्या कुणीतरी टिपायचा असतो. एक्स-रेच्या किरणांपासून वाचण्यासाठी अंगावर शिशाचा जड एप्रनही बऱ्याचदा असतोच. इंग्लंडच्या चार्न्लीने 1962 च्या सुमारास आजच्या धर्तीचा खुब्याचा सांधा रूढ केला, तेव्हापासून ही मिनिटे मोजणे चालू आहे.

दुसऱ्या खोलीत याच्या अगदी उलट चित्र. नेत्रशल्यविशारदाच्या ट्रॉलीवर सगळे मिळून एका तळहातावर मावेल एवढे सामान. सर्जन बसून काम करतो, डोळे मायक्रोस्कोपला लावलेले, पाय पॅडलवर, आणि हातांची हालचाल इतकी कमी की नवख्या विद्यार्थ्याला काही चाललेच नाही असे वाटावे. डोळ्यासाठी वापरतात तो सर्वांत बारीक टाक्याचा दोरा केसाहून पातळ असतो. तो हातात देताना मला तो दिसायचा नाही, फक्त सुईवर चमकणारा प्रकाश दिसायचा. मोतीबिंदूच्या आजच्या बहुतेक शस्त्रक्रियांत टाका लागतच नाही, हा भाग वेगळा. कान-नाक-घशाच्या सर्जनचीही गत अशीच. कानातले रिकिबीसारखे हाड, शरीरातले सर्वांत लहान, जेमतेम तीन मिलिमीटरचे, आणि ते काढून त्या जागी कृत्रिम तुकडा बसवायचा. त्याच सर्जनला रात्री अपरात्री श्वास कोंडलेल्या माणसाच्या गळ्याला छेद देऊन नळी घालण्यासाठी धावत यावे लागते, तेव्हा मायक्रोस्कोप लावायला सवड नसते.

लहान मुलांच्या सर्जनबद्दल, म्हणजे बालशल्यविशारदाबद्दल, लोकांना सर्वांत कमी ठाऊक असते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. जन्मतःच अन्ननलिका जोडलेली नसलेले बाळ दोन-एक दिवसांचे असतानाच टेबलावर येते. त्या दिवशी शस्त्रक्रियागृह मुद्दाम गरम ठेवतात, कारण बाळाचे अंग फार लवकर गार पडते. आम्ही सगळे घामाघूम होतो आणि कुणी कुरकुर करत नाही. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते सुमारे अडीचशे मिलिलिटर, म्हणजे मोठा पेलाभर. मोठ्या माणसाच्या शस्त्रक्रियेत जेवढे रक्त कुणाच्या खिजगणतीतही नसते, तेवढे इथे गेले तर धावपळ उडते. म्हणून रक्त टिपलेली प्रत्येक गॉजची पट्टी वजन करून बाजूला ठेवायची आणि आकडा भूलतज्ज्ञाला मोठ्याने सांगायचा. मोठ्यांचे पोट सराईतपणे उघडणारे निष्णात सर्जनही या टेबलाकडे ‘हे आपले काम नाही’ म्हणून पाठ फिरवतात, आणि त्यात त्यांचा कमीपणा नसून शहाणपण असते.

प्लास्टिक सर्जनच्या वाट्याला नावानेच अन्याय आला आहे. प्लास्टिक हा शब्द इथे घडवणे, आकार देणे या ग्रीक अर्थाने आला आहे. पिशव्यांचे प्लास्टिक पुष्कळ नंतरचे. नाक सरळ करणारा, सुरकुत्या घालवणारा, नटनट्यांचा डॉक्टर, एवढीच त्याची ओळख वर्तमानपत्रांनी करून ठेवली आहे. प्रत्यक्षात मी त्यांना पाहिले ते भाजलेल्या माणसांच्या ड्रेसिंगला, मांडीची कातडी काढून छातीवर लावताना, यंत्रात तुटलेले बोट मायक्रोस्कोपखाली पुन्हा जोडताना. कपाळाची त्वचा वळवून कापलेले नाक घडवण्याची भारतीय पद्धत 1794 साली लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि युरोपच्या सर्जननी ती उचलली. पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवर हॅरॉल्ड गिलीज यांनी केलेल्या कामातून आजची शाखा उभी राहिली. तेव्हा तिचे मूळ सौंदर्यात नाही, जखमेत आहे. जाता जाता एक उपयोगाची गोष्ट : तुटलेले बोट थेट बर्फात टाकू नये. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून ते पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. थेट बर्फात ठेवून आणलेली बोटे मी पाहिली आहेत; त्यांच्या पेशी मेलेल्या असतात आणि सर्जनला हात चोळत बसावे लागते.

न्यूरोसर्जन, छाती व रक्तवाहिन्यांचे सर्जन, युरॉलॉजिस्ट, कर्करोगाचे सर्जन या सगळ्यांबद्दल असेच लिहिता येईल, पण आपल्या स्तंभाला मर्यादा आहे. बायपासच्या रुग्णाचा एक प्रश्न मात्र सांगण्यासारखा आहे. शुद्धीवर आल्यावर पुष्कळ जण विचारतात, ‘सिस्टर, ऑपरेशन छातीचे होते ना, मग पायाला टाके कसे?’ पायातली शीर काढून तीच हृदयावर जोडलेली असते, हे त्यांना आदल्या दिवशी सांगितलेले असते, पण भीतीपुढे कानात काही शिरत नाही. आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना तर लोक सर्जन मानतच नाहीत. ‘बाळंतपणाच्या डॉक्टर’ म्हणतात. जगातल्या दर पाच बाळांतले एकाहून अधिक बाळ आज सिझेरियनने जन्मते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जगात सर्वाधिक होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी एक करणारी व्यक्ती लोकांच्या लेखी सर्जनच नाही.

या विभागणीच्या सीमा रेघ मारल्यासारख्या आहेत, असेही समजू नये. पाठीच्या मणक्यावर ऑर्थोपेडिक सर्जनही काम करतात आणि न्यूरोसर्जनही. थायरॉइडची गाठ जनरल सर्जन काढतो, तशी कान-नाक-घशाचा सर्जनही काढतो. हाताच्या शिरा, नसा आणि स्नायुबंध कापले गेले तर कुठे प्लास्टिक सर्जन येतो, कुठे ऑर्थोपेडिक. जबड्याच्या हाडावर तर दंतवैद्यकातून आलेले मुखशल्यविशारदही तितक्याच हक्काने काम करतात. अशा वेळी पदवीच्या नावापेक्षा ‘हीच शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता का?’ हा प्रश्न जास्त कामाचा असतो. तो विचारल्याने चांगला सर्जन रागावत नाही. रागावलाच, तर तेही एक उत्तर समजावे.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले, त्या जनरल सर्जनकडे वळते. ‘जनरल’ या शब्दाने त्याचे फार नुकसान केले आहे. ज्याला कशातच खास गती नाही तो जनरल, असा लोकांचा समज असतो. एका रात्री आतडे फुटलेल्या एका वृद्ध गृहस्थांना आणले होते. पोट लाकडासारखे कडक, नाडी धावती, ओठ कोरडे. ड्यूटीवरच्या जनरल सर्जन बाईंनी तपासून तातडीने पोट उघडावे लागेल असे सांगितले, तेव्हा त्या गृहस्थांचा मुलगा दाराशी मला अडवून म्हणाला, ‘सिस्टर, जनरल नको हो, पोटाचे स्पेशालिस्ट बोलवा. लागेल तेवढा वेळ थांबतो.’ त्याला मी सांगितले की पोटाच्या अशा प्रसंगाचे स्पेशालिस्ट म्हणजे याच, आणि थांबायला वेळ आपल्याकडे नाही. त्याने कागदावर सही केली ती माझ्या शब्दावर, त्यांच्या हुद्द्यावर नव्हे. सर्जन बाईंनी पोट उघडले, घाण धुऊन काढली, फुटलेला भाग कापून आतड्याचे तोंड तात्पुरते पोटावर आणून ठेवले, आणि पहाटे चार वाजता बाहेर येऊन त्या मुलाशी अर्धा तास बोलत बसल्या. तो तोवर ‘मोठे डॉक्टर केव्हा येणार’ हेच विचारत होता.

अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशयातले खडे, फुटलेले आतडे, स्तनातली गाठ, मधुमेहाने सडलेले पाऊल, गळू, पोटावरचा मार हे सगळे जनरल सर्जनकडे येते. पित्ताशय दुर्बिणीतून काढण्याची पहिली शस्त्रक्रिया 1985 साली जर्मनीत एरिख म्यूहे यांनी केली, आणि तेही जनरल सर्जनच होते. सुरुवातीला त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांची टर उडवली. आज तीच पद्धत सर्वत्र आहे. बाकीच्या बहुतेक सर्जनना, निदान त्यांच्या उमेदीच्या काळात, काही दिवस जनरल सर्जरीच्या हाताखाली काढावे लागतात. हात धुण्यापासून गाठ मारण्यापर्यंतचे धडे तिथेच गिरवले जातात.

आपल्या अपघाताच्या बातमीत खरे काय घडले असेल, ते मी न पाहता सांगू शकते. नातेवाइकांना मोडलेली मांडी दिसते, कारण पाय वाकडा झालेला असतो, आणि हाडांचे डॉक्टर नुसतेच बाजूला का उभे आहेत, याचा त्यांना संताप येतो. पण प्लीहा फुटून पोटात रक्त साचत असेल तर माणूस काही तासांत, कधी त्याहून लवकर जातो, आणि कवटीखाली रक्ताची गुठळी वाढत असेल तर मेंदू दबतो. म्हणून ज्याने आधी जीव जाईल त्याला आधी हात घालायचा, हा नियम. डोक्याकडे न्यूरोसर्जनची ट्रॉली, पोटाशी जनरल सर्जनची, मध्ये दोघांच्या सहायकांच्या कोपरांची टक्कर, आणि ऑर्थोपेडिक सर्जन पायाला आधार देऊन आपली पाळी येण्याची वाट पाहत आहेत, असे दृश्य मी कितीदा पाहिले आहे. या सर्वांच्या वर, उशाशी बसलेला भूलतज्ज्ञ. तो सर्जन नाही, पण त्याने मान हलवल्याखेरीज एकही सर्जन सुरी लावत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची एक यादी दिली. तिच्यानुसार छेद देण्यापूर्वी क्षणभर थांबून खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम मोठ्याने सांगायचे असते. सुरुवातीला आम्हाला हा प्रकार हास्यास्पद वाटला. वर्षानुवर्षे एकत्र काम करणाऱ्यांनी एकमेकांना नाव काय सांगायचे? पण रात्रपाळीत, मास्क आणि टोप्यांमागे, आपल्यासमोर कोण उभे आहे हे खरोखरच ठाऊक नसल्याचे अनेकदा लक्षात आले. आत आम्ही एकमेकांना ओळख सांगतो, पण दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्यांना ती कुणी सांगत नाही. रुग्णालयांनी ती तेवढ्याच मोठ्याने त्यांनाही सांगावी आणि वर्तमानपत्रांनी ती नीट छापावी. शस्त्रक्रियेची बातमी देताना कोणत्या शाखेच्या सर्जनने ती केली, हे लिहायला दोनच शब्द जास्त लागतील. आपण बायपासच्या त्या बातमीचा खुलासा छापावा, अशी माझी विनंती आहे.

शेवटी एक प्रसंग कळवते, कारण तो कधी कुठल्या बातमीत येणार नाही. गर्भाशय काढण्याच्या एका शस्त्रक्रियेत आतडे गर्भाशयाला घट्ट चिकटलेले निघाले आणि सोडवताना त्याला छिद्र पडले. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी हात थांबवला आणि ‘सर्जनना बोलवा’ एवढेच म्हटले. शेजारच्या खोलीतून जनरल सर्जन आले, हात धुतले, गाऊन चढवला, काही न विचारता जागा बघितली, चाळीस मिनिटांत आतडे दोन थरांत शिवले, माझ्याकडून मॉपची, म्हणजे रक्त टिपायच्या कापडांची, मोजणी बरोबर असल्याची खात्री करून घेतली आणि आपल्या अर्ध्या राहिलेल्या यादीकडे परत गेले. रुग्ण बाई दहा दिवसांनी घरी गेल्या. जाताना त्यांनी आम्हा सगळ्यांचे आभार मानले. त्या सर्जनचे नाव फक्त शस्त्रक्रियेच्या नोंदवहीत, माझ्या अक्षरात, सहायकांच्या रकान्याखाली आहे, कारण त्या छापील वहीत दुसऱ्या सर्जनसाठी रकानाच नव्हता.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, शस्त्रक्रियागृह विभाग
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)